इसेच्या देवळात चपला कुठे काढायच्या?

प्रश्न : ताई, ऑक्टोबरात मुलाकडे जपानला, नागोयाला जाते आहे. तो इसेच्या देवळात नेणार आहे, पण तिथे मूर्ती दिसतच नाही म्हणतो. मग दर्शन कसलं घ्यायचं? नारळ-फुलं न्यावीत का? चपला कुठे काढायच्या?
— एक वाचक, सांगली

उत्तर : चपला काढूच नका. आत सगळी वाट खडीची आहे. पायाखाली ती करकरत राहते आणि बोलणारी माणसं आपोआप गप्प होतात. नारळ-फुलंही नकोत.

आधी गेकूला, म्हणजे बाहेरच्या देवळाला जा, मग नाइकूला, म्हणजे आतल्या, आमातेरासुच्या मुख्य देवळाला. रीत तशीच आहे. गेकूत अन्नदेवता तोयोउके. सूर्यदेवी आमातेरासुचा नैवेद्य रोज दोन वेळा तिथेच रांधतात, तोही लाकडावर लाकूड घासून काढलेल्या अग्नीवर. आपल्या यज्ञातली अरणी आठवली मला.

नाइकूत इसुझु नदीच्या पायऱ्या उतरून हात धुवा. पाणी गार आणि नितळ असतं. पुढे दगडी पायऱ्यांच्या वर फोटो काढायचा नाही. वर समोर पांढरा पडदा. देवीचं प्रतीक म्हणजे आरसा, पण तो आत खोल, कुणाच्याच नजरेला पडत नाही. दोनदा वाकायचं, दोनदा टाळी, पुन्हा एकदा वाकायचं. मी उभी असताना वाऱ्याने पडदा वर उचलला गेला आणि शेजारच्या आजी हळूच ‘आरिगातो गोझाइमासु’ म्हणाल्या. इथे आभारच मानायचे असतात. मागणं असेल तर मागे आरामात्सुरी-नो-मिया हे वेगळं देऊळ आहे, तिथे मागा.

दर्शन कसलं म्हणता? देवळाशेजारची मोकळी जागा नीट बघा. इ. स. ६९० पासून दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर तेच देऊळ हिनोकी लाकडात नव्याने उभारायची प्रथा आहे. युद्धांच्या काळात ती खंडली, पुन्हा धरली गेली. याआधी २०१३ ला झालं, आता २०३३ ला. सुतारकाम एका पिढीच्या हातून दुसरीच्या हातात जातं ते असं. जुनं लाकूडही वाया जात नाही. नाइकूत शिरताना लागणाऱ्या उजी पुलाच्या दोन्ही टोकांना ज्या तोरी कमानींखालून तुम्ही जाल, त्यांच्या खांबांनी वीस वर्षं देवळाचं आढं पेललेलं असतं. मला तर हेच दर्शन वाटतं.

नाइकू पहाटे ५ ला उघडतं. होईल तितक्या लवकर जा. परतताना १७०७ पासूनच्या अकाफुकु या मिठाईच्या दुकानात बसा. तांदळाच्या मऊ गोळ्यावर अझुकी या लाल कडधान्याचं गोड पुरण, त्यावर बोटांनी ओढलेल्या रेघा. रेघा म्हणजे इसुझुचा प्रवाह आणि आतला पांढरा गोळा म्हणजे तिच्या तळाचा गोटा.