दुसऱ्या वर्षी काय?

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र लक्षपूर्वक वाचले. हिंजवडीतली नोकरी सोडावी का, मोबाइलच्या अ‍ॅपवर उघडणारे दाराचे कुलूप आधी बाजारात आणावे की आधी गुंतवणूकदार गाठावा, आणि तोवर नव्या वस्तूंची खोकी उघडून दाखवणारे तुझे व्हिडिओ चालू ठेवावेत की नाही, असे तीन प्रश्न तू विचारले आहेस. तू हुशार आहेस, कष्टाळू आहेस वगैरे मी लिहीत बसणार नाही. ते तुझी आई सांगेल. मात्र कुलपाचा रंग, खोक्याचा कागद आणि झाकण उचलताना येणारा आवाज यांवर परिच्छेदच्या परिच्छेद खर्च करणाऱ्या मुलीने ते कुलूप एखाद्या कुटुंबाच्या दाराला दीड वर्ष राहिल्यानंतर काय होईल यावर एक ओळही लिहू नये, याचा मला राग आला, आणि तो शांत होण्याची वाट न बघता हे उत्तर लिहितो आहे.

मला एकच प्रश्न विचारता येतो आणि तो मी आयुष्यभर प्रत्येक वस्तूला विचारत आलो: दुसऱ्या वर्षी काय?

तुमच्या व्हिडिओंच्या जगात हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण वस्तू आठवडाभर हाताळून परत पाठवायची असते. वरातीचे फोटो पाहून संसाराबद्दल मत द्यावे, तसा तो प्रकार आहे. ‘ह्युमेन’ कंपनीची ती छातीवर लावायची, कृत्रिम बुद्धिमत्तेने प्रश्नांना उत्तरे देणारी पिन आठव. अ‍ॅपलमधून बाहेर पडलेल्या मंडळींनी काढलेली कंपनी, वीस कोटी डॉलरांहून अधिक भांडवल, तळहातावर अक्षरे उमटवणारा प्रकाश; विज्ञानकथांवर वाढलेल्या कोणाचेही मन जावे अशीच ती वस्तू होती. एप्रिल २०२४ मध्ये ती ग्राहकांच्या हातात पडू लागली, किंमत ६९९ डॉलर आणि वर महिन्याला २४ डॉलर वर्गणी. फेब्रुवारी २०२५ मध्ये एचपीने कंपनीचा बराचसा ऐवज ११.६ कोटी डॉलरांना घेतला आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला पिनचे सर्व्हर, म्हणजे तिला दुरून चालवणारे कंपनीचे संगणक, बंद झाले. पैसे परत मिळाले ते फक्त शेवटच्या नव्वद दिवसांत पिन मिळालेल्यांना. म्हणजे जे सर्वांत आधी, सर्वांत उत्साहाने पुढे आले, त्यांच्याच हातात धातूचा तुकडा राहिला. त्या पिनवर टीका झाली ती ती तापते, चुकीची उत्तरे देते, अडखळते म्हणून. ती रास्तच होती. परंतु सर्व्हर बंद झाला तर तिचे काय, हा प्रश्न पहिल्या दिवशी फार थोड्यांनी विचारला.

तुझ्या कुलपाचा जवळचा नातेवाईक हवा असेल तर ‘रिव्हॉल्व्ह’ बघ. घरातले दिवे, कुलपे, सेन्सर एका जागेवरून चालवणारे ते यंत्र ३०० डॉलरांना विकले जाई. गूगलच्या ताब्यातल्या ‘नेस्ट’ने २०१४ मध्ये ती कंपनी घेतली आणि १५ मे २०१६ रोजी सेवा थांबवली. यंत्रात कसलाही बिघाड नव्हता, वीज मिळत होती, तरी ते निकामी झाले, कारण त्याचा मेंदू दुसऱ्याच्या इमारतीत होता. आता तुझ्या पत्रातले वाक्य तूच वाच: ‘कुलपाचे सगळे लॉजिक क्लाउडवर असल्यामुळे हार्डवेअर स्वस्त पडते.’ क्लाउडवर म्हणजे दूरच्या, दुसऱ्याच्या संगणकांवर. स्वस्त कोणाला पडते, गं?

याउलट ‘पेबल’ घड्याळाची गोष्ट तुला ठाऊक असेल, पण तू ती अर्धीच सांगतेस. २०१२ मध्ये किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करण्याच्या संकेतस्थळावर, त्यांनी एक कोटी डॉलरांच्या वर रक्कम उभी केली, एवढेच तुझ्या पत्रात आहे. पुढे डिसेंबर २०१६ मध्ये ‘फिटबिट’ने कंपनीची मालमत्ता घेतली आणि २०१८ च्या मध्यावर सर्व्हर बंद झाले. तेव्हा वापरणाऱ्यांनीच ‘रेबल’ नावाने पर्यायी सेवा उभी केली आणि घड्याळे चालू ठेवली. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने त्या घड्याळाच्या प्रणालीचा बराचसा कोड खुला केला, म्हणजे तो कोणालाही वाचता-वापरता येईल असा केला, आणि मूळ संस्थापक पुन्हा घड्याळे करायला लागला. मेलेल्या कंपनीला ग्राहक परत मिळाले, ते घड्याळ इतकी वर्षे मनगटावर टिकले म्हणून. मला विचारशील तर भांडवल उभे केल्याच्या बातमीपेक्षा ही बातमी तुझ्या भिंतीवर लावण्यासारखी आहे.

पुण्याच्या तापकीर गल्लीत मी मोबाइल दुरुस्तीचे टेबल मांडले तेव्हा ज्या फोनने आमचे पोट भरले तो नोकिया ११००. २००३ साली आलेला हा फोन जगभर पंचवीस कोटींच्या आसपास विकला गेला. त्यात कॅमेरा नव्हता, रंगीत पडदा नव्हता. टॉर्च होता, आणि आकड्यांवर एकसंध रबराची चादर होती, जिच्यामुळे धूळ आत जात नसे. पिठाच्या गिरणीतून आलेला संच मी उघडलेला आहे: बाहेरून पांढराफटक, कव्हराच्या खाचांत पीठ घट्ट बसलेले, पण सहा पाकळ्यांच्या डोक्याचे स्क्रू काढून बोर्ड उचलला की खाली स्वच्छ. ब्रशने कव्हर झाडायचे, रबर धुऊन वाळवायचे, परत बसवायचे, संपले काम. त्याची बीएल-५सी बॅटरी नखाने निघत असे. ऑगस्ट २००७ मध्ये त्या बॅटऱ्यांपैकी जपानच्या मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या ४ कोटी ६० लाख नगांबद्दल नोकियाने इशारा दिला, चार्ज होताना त्या क्वचित तापू शकतात म्हणून, आणि फुकट बदलून देण्याची तयारी दाखवली. गल्लीत झुंबड उडाली. जो तो बॅटरी उलटी करून मागचा नंबर वाचून घेत होता. वर्ष-दीड वर्ष वापरलेल्या मालाबद्दल कंपनी स्वतःहून पुढे येते आहे, हे त्या दिवशी रांगेतल्या माणसांनी पाहिले. आज तो फोन दिसत नाही, पण पाराखाली भजने वाजवणाऱ्या स्वस्त स्पीकरचे झाकण उघड. आत बहुतेक वेळा त्याच मापाची बॅटरी सापडेल.

तू म्हणशील, इतके करूनही नोकिया स्मार्टफोनच्या लाटेत वाहून गेलीच की. गेली. पहिले वर्ष जिंकल्याशिवाय दुसरे येत नाही, हे मला कळते. मी दुसऱ्या वर्षाचा हट्ट धरतो तो पहिल्याला कमी लेखून नव्हे. पहिल्याची काळजी घेणारे तुझ्याभोवती ढीगभर आहेत म्हणून.

आता माझ्याबद्दल. माझ्या बरोबरीच्या लोकांनी शोरूम काढली, काचेची दारे लावली, आणि मी रिपेअरिंगच्या टेबलापाशीच राहिलो, असे गल्लीत बोलले जाते. बोलोत. दोन सिमकार्डांच्या स्वस्त फोनांचा सुकाळ होता तेव्हा एका कंपनीने मला अधिकृत सेवा केंद्र दिले होते. तिचे नाव घेत नाही. पाटी लागली, टेबले वाढली, मुले ठेवली. सुरुवातीला सुटे भाग वेळेवर येत. मग नवी मॉडेले महिन्या-महिन्याला येऊ लागली आणि जुन्यांचे डिस्प्ले येणे थांबले. मागणी पाठवली की उत्तर यायचे, ‘ग्राहकाला नवीन मॉडेल सुचवा.’ खाणावळ चालवणाऱ्या एका बाईंचा संच माझ्या खणात पडून होता. डब्यांच्या गिऱ्हाइकांचे सगळे नंबर त्या फोनच्या मेमरीत, सिमवर एकही नाही. चार्जिंग पिनची किंमत ती काय! पण त्या मॉडेलची पिन कोणाकडेच नव्हती. बाई रोज संध्याकाळी येत आणि काही न बोलता बाकावर बसत. शेवटी भंगारातल्या दुसऱ्या बोर्डाची पिन उपसून, तारा ओढून तो फोन नंबर उतरवून घेण्यापुरता चालू केला, आणि त्यानंतर काही दिवसांतच केंद्राची पाटी उतरवली. धंद्याच्या हिशेबात तो मूर्खपणा होता असे माझा भागीदार आजही म्हणतो, आणि आमचे संबंध त्यावरून जे बिनसले ते बिनसलेच. त्याची खंत मला आहे. पाटी उतरवल्याची नाही, आणि तशी ती असावी असे ज्यांना वाटते त्यांनी त्या बाकावर एक संध्याकाळ काढायला हवी होती.

असो. तुझ्या कुलपाकडे येऊ, कारण तिथे हिशेबच बोलतो.

एका कुलपाचे २,९९९ रुपये तू एकदाच घेणार. सुटे भाग, जोडणी, जीएसटी आणि दुकानदाराचे कमिशन वजा जाता तुझ्याच कोष्टकात सहाशे रुपये उरतात. त्या सहाशेत सर्व्हरचे भाडे दर महिन्याला जाणार, आणि ते कुलूप दारावर आहे तोवर जाणार. अँड्रॉइडचे प्ले स्टोअर अ‍ॅपला ठरावीक काळाने नव्या आवृत्तीशी जुळवून घ्यायला लावते. ते काम करणारा प्रोग्रामर फुकट येणार नाही. ग्राहकाने इंटरनेटची कंपनी बदलली की राउटरचे नाव आणि पासवर्ड बदलतो, कुलूप मुके होते आणि फोन तुला येतो. वाघोलीला एकदा माणूस पाठवलास की सहाशेतले चारशे गेले. आणि पावसाळा तू धरलेलाच नाहीस! लाकडी दार फुगते, लॅचची जीभ चौकटीतल्या पट्टीवर घासते, मोटर अडखळून जास्त करंट खेचते, आणि वर्षभर पुरतील म्हणून सांगितलेले सेल श्रावणातच मान टाकतात. बाहेर भिजलेली आजी, हातात पिशव्या, आणि आत तुझे लॉजिक क्लाउडवर. ही आजी तुझ्या व्हिडिओत कधी दिसणार आहे?

यावर तुझे उत्तर मला आधीच ऐकू येते: मोठ्या कंपन्या वस्तू लवकर जुनी करूनच श्रीमंत झाल्या, मग आपणच का साधुत्व पत्करायचे? खरे आहे, झाल्या. १९२४ मध्ये जिनिव्हात फीबस नावाने बल्ब कंपन्यांची टोळी जमली आणि बल्बचे आयुष्य एक हजार तासांवर आणून ठेवले. ज्याचा बल्ब जास्त जळेल त्याला दंड. पण ते करण्यासाठी ओसराम, फिलिप्स अशांना मिळून बाजार वाटून घ्यावा लागला. शेजारच्या दुकानात जास्त टिकणारा बल्ब मिळत असता तर तो बेत महिनाभरही चालला नसता. अ‍ॅपलने जुन्या आयफोनचा वेग बॅटरी थकल्यावर गुपचूप कमी केला होता, हे २०१७ च्या अखेरीस उघड झाले. तिलाही जाहीर माफी मागून बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरांवरून २९ वर आणावा लागला. तिच्याकडे त्या माफीतून तरून जाण्याइतकी पुण्याई आणि गंगाजळी होती. तुझ्याकडे शंभर गिऱ्हाइके असतील आणि त्यांतली वीस एकाच सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असतील.

उदाहरण हवे असेल तर सिलिकॉन व्हॅलीत शोधू नकोस. आपल्या पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचे ‘नॅनो गणेश’ बघ. शेतीपंपाच्या स्टार्टरला जोडायचे ते यंत्र. शेतकरी घरून साध्या मोबाइलवरून त्याला फोन लावतो, वीज आहे की नाही हे आवाजावरून ओळखतो आणि मोटर चालू-बंद करतो. रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेसाठी अंधारात विहिरीपर्यंतची फेरी वाचते. २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले, पण माझ्या लेखी त्याची परीक्षा स्टार्टरच्या पेटीत झाली, जिथे उंदीर असतात, पाली असतात, विजेचा दाब वाटेल तसा वर-खाली होतो आणि दुरुस्तीला जवळपास कोणी नसते. तिथे टिकायचे म्हणजे काय, हे शिकायचे असेल तर शेतावर जा.

तुझ्या तीन प्रश्नांची उत्तरे आता थोडक्यात देतो, कारण खरे उत्तर वर येऊन गेले. नोकरी इतक्यात सोडू नकोस. पगारातून वीस कुलपे कर, ओळखीच्या दारांना लाव आणि दोन पावसाळे जाऊ दे. गुंतवणूकदाराकडे त्यानंतर जा, आणि त्याने पहिल्याच बैठकीत तुझ्या वाढीचा वेग विचारला पण परत आलेले नग किती हे विचारले नाही, तर चहा पिऊन उठ. व्हिडिओ जरूर कर, फक्त खोके उघडण्याऐवजी दीड वर्ष वापरलेली वस्तू उघडून दाखव. बघणारे कमी मिळतील. मिळू देत.

कुलपात किल्लीचे भोक ठेव, आणि अंकांची पट्टी इंटरनेटविना चालेल असे कर. सेवा कोणत्या तारखेपर्यंत देणार ते खोक्यावर ठळक छाप. ब्रिटनमध्ये इंटरनेटला जोडलेल्या वस्तूंना सुरक्षेच्या सुधारणा निदान कधीपर्यंत मिळतील हे सांगणे एप्रिल २०२४ पासून कायद्यानेच बंधनकारक आहे. आपल्याकडे कोणी सांगेपर्यंत थांबायचे कारण नाही. कंपनी बुडाली तर कोड खुला करीन असे आजच वकिलाकडून लिहून घे.

पुढच्या पत्रात खोक्याचे फोटो नकोत. मोटरच्या गिअरचे माप, सेलच्या कप्प्याचा आराखडा आणि वॉरंटी कार्डाचा मसुदा पाठव. मसुद्यातली ‘अटी लागू’ ही ओळ मी खोडणार आहे, तेव्हा तिच्या जागी काय लिहायचे याचा विचार करूनच पाठव.

तुझा,
काका