आधी खरेदीखत, मग प्रश्न

प्रिय बाळ,

तुझं पत्र काल रात्री वाचलं, आज सकाळी पुन्हा वाचलं. प्रार्थनेला बसलं की एकच गोष्ट मनात येते, भावाकडे जा आणि आपणहून माफी माग, असं तू लिहिलंस. आणि खाली लगेच, ‘पण चूक तर त्याची आहे. देव असं उफराटं का सांगेल?’

सांगतो तो कधीकधी उफराटंच. बायबलात यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ३२वा अध्याय काढ आणि सावकाश वाच. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलाय. शहर पडणार हे यिर्मया वर्षानुवर्षं सांगत आलाय, आणि त्यासाठीच राजानं त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात कोंडून ठेवलंय. अशा वेळी देव त्याला सांगतो, चुलतभावाचं अनाथोथमधलं शेत विकत घे. अनाथोथ म्हणजे त्याचं स्वतःचं गाव, पण ते आता वेढ्याच्या पलीकडे. ज्या शेतात पाऊल ठेवता येणार नाही, त्याचे पैसे मोजायचे!

आणि तो मोजतो. १७ शेकेल चांदी, आजच्या हिशेबानं साधारण २०० ग्रॅम, तराजूत तोलून देतो. खरेदीखत लिहून त्यावर सही करतो, साक्षीदार बोलावतो. एक प्रत मोहोरबंद, एक उघडी. दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्या हाती देऊन सांगतो, मातीच्या मडक्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. मी दरवेळी त्या मडक्यापाशी थांबते. नुसती आज्ञा पाळल्यासारखं करायचं असतं, तर पैसे दिले की काम संपलं होतं. कागद जपायची एवढी काळजी कोण घेईल? कधीतरी कुणाला तरी ते लागणार आहेत, असं ज्याला मनापासून वाटतं तोच.

हे सगळं उरकल्यावर मग तो देवाला विचारतो: शहर तर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलवाल्यांच्या हाती चाललंय, आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस? देव त्याला गप्प करत नाही, उत्तर देतो: या देशात पुन्हा शेतांची खरेदी होईल. म्हणून तुझ्या शंकांना घाबरू नकोस. विश्वास म्हणजे प्रश्न न विचारणं, असं तुला कुणी शिकवलं असेल तर ते सोडून दे. फक्त प्रश्न सुटेपर्यंत खत अडवून ठेवू नकोस.

मी ते अडवून ठेवलं होतं, म्हणून सांगते. माझ्या बहिणीशी माझा कित्येक वर्षं अबोला होता. जा आणि माफी माग, ही टोचणी मलाही होती. मी गेले नाही, पत्र पाठवलं. पहिल्या पानावर माफी, तीही ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ अशी. दुसऱ्या पानावर तिच्या चुका, ओळीनं. पाकीट चिकटवताना मनाला बरंही वाटलं होतं, की झालं बाई आज्ञापालन. पुढे इस्राएलाचा राजा योवाश याची गोष्ट वाचली. मरणाच्या बिछान्यावरून अलीशा संदेष्टा त्याला बाण जमिनीवर मारायला सांगतो. योवाश तीनदा मारतो आणि थांबतो. संदेष्टा संतापतो, पाचसहा वेळा तरी मारायचे होतेस! अवज्ञा त्यानं केली नव्हती. जीव ओतला नव्हता. माझं ते पत्र म्हणजे तीन बाण होते. शेवटी मला तिच्या दारात जावंच लागलं, दुसरं पान घरी ठेवून.

नामान तुला ठाऊकच आहे, अरामाचा कुष्ठरोगी सेनापती. यार्देन नदीत सात वेळा बुडी मार, इतकंच अलीशाचं सांगणं, आणि दिमिष्काच्या नद्या काय वाईट आहेत म्हणून तो रागानं माघारी निघाला होता. चाकरांनी समजूत घातली म्हणून उतरला. सहाव्या बुडीनंतर त्याचं अंग कसं होतं ते शास्त्र सांगत नाही. बरं वाटलं ते सातव्या बुडीनंतर, एवढंच लिहिलंय.

आता एक गोष्ट जपून ऐक. आज्ञा विचित्र आहे म्हणून ती देवाची ठरत नाही. हिन्नोमच्या खोऱ्यात लोक आपली मुलं आगीत होमत होते तेव्हा, याच यिर्मयाच्या तोंडून देव म्हणाला, हे मी कधी सांगितलं नाही, माझ्या मनातही आलं नाही. यिर्मयानंही मनात शब्द आला म्हणून धाव घेतली नाही. चुलतभाऊ खरोखर येऊन समोर उभा राहिला, तेव्हा हे परमेश्वराचंच सांगणं आहे हे त्यानं ओळखलं. देवाच्या नावानं कुणी तुला घरच्यांपासून तोडायला, कुणाला इजा करायला, किंवा एखाद्याच्या हाती सगळा पैसा द्यायला सांगत असेल, तर तिथून सरळ निघून ये आणि मला कळव.

तुझं तसं नाही. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, हे येशूनं उघड सांगितलंय. इथे किंमत तुलाच मोजायची आहे, दुसऱ्या कुणाला नाही. भावानं तुला मारहाण केली असती किंवा त्याच्या घरात जायची भीती असती, तर मी एकट्यानं जायला सांगितलं नसतं. पण तू लिहिलंयस त्यावरून फक्त मान आड येतोय. तो दार उघडेल का, मला माहीत नाही. ‘तुझंही चुकलंच होतं’ हे वाक्य मात्र सोबत नेऊ नकोस.

यिर्मयाला ते शेत कसायला मिळालं नाही, त्याला मिसरात नेलं गेलं. पण एज्राच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्यांची मोजदाद आहे. नावांची यादी म्हणून लोक ती चाळून सोडून देतात. त्यात एक ओळ आहे: अनाथोथचे पुरुष, १२८.

जाऊन आलास की लिही. त्या दिवशी सकाळपासून मी प्रार्थनेत असेन, म्हणून दिवस आधी कळव.

तुझी,
मावशी