‘तुझा भ्रमनिरास झाला असेल’ असं बहिणीला लिहिलं तर चालेल का?

तुमचा प्रश्न असा आहे: ‘भ्रमनिरास’ म्हणजे निराशाच ना? बहिणीचं एमपीएससीचं तीन गुणांनी हुकलं, तिला ‘तुझा भ्रमनिरास झाला असेल, समजू शकतो’ असा मेसेज पाठवला तर चालेल का?

नाही चालणार. अर्थ पुढे सांगतो, पण आधी ते वाक्य खोडा.

मी नागपुरात ३१ वर्षं मुद्रितशोधक, म्हणजे प्रूफरीडर, होतो. तुम्ही लिहिलंय तेच वाक्य, जवळपास त्याच शब्दांत, मला एकदा तोंडावर ऐकवलं गेलं. म्हणून एवढ्या रात्री उत्तर लिहायला बसलो आहे.

शब्दाची फोड भ्रम अधिक निरास. निरास म्हणजे दूर होणं, नाहीसं होणं. शंकानिरसन म्हणतो त्यातलं निरसन आणि हा निरास एकाच धातूचे: ‘अस्’, फेकणे. निराश हा शब्द वेगळ्या घरचा. तो ‘निर्’ आणि ‘आशा’ यांतून आला. तेव्हा भ्रमनिरास म्हणजे भ्रम फिटणं, एवढंच. अंधारात दोरी सापासारखी दिसली, दिवा आणल्यावर दोरीच आहे हे कळलं, की भ्रमनिरास झाला. यात दुःख कुठेही नाही. दुःख आपण रोजच्या वापरातून त्यात आणलं, कारण माणसाला आपले भ्रम बहुधा गोड लागतात आणि ते फिटले की जीव दुखतो.

‘भ्रमनिराश’ असा शब्द मराठीत नाही. मोठमोठ्या मथळ्यांत छापलेला पाहिलाय, तरी नाही. ओळखायला व्याकरणाचं पुस्तक लागत नाही. आपण ‘माझा भ्रमनिरास झाला’ म्हणतो. ‘माझा’ म्हटलं की पुढे नाम हवं. निराश हे विशेषण आहे, ‘मी निराश झालो’. ‘माझा निराश झाला’ असं कुणी म्हणेल का? मग ‘माझा भ्रमनिराश झाला’ कसं चालेल? साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम घेऊन लोक भांडायला येतात, पण ते नियम मुख्यतः ऱ्हस्व-दीर्घाचे आणि अनुस्वाराचे. इथे दोन वेगळ्या शब्दांची गाठ पडली आहे आणि ती अर्थ कळल्याशिवाय सुटत नाही.

आता ती गोष्ट. १९८७ साली मी नागपूरच्या महाल भागातल्या एका छापखान्यात होतो. नाव घेत नाही. खिळ्यांचं, म्हणजे धातूची सुटी अक्षरं जुळवून छापायचं काम होतं तेव्हा. एका प्राध्यापकांची विदर्भावरची पुस्तिका आमच्याकडे आली. ४८ पानं, म्हणजे सोळा-सोळा पानांचे तीन फर्मे, १००० प्रती. तिसऱ्या प्रकरणात १९५६ सालाबद्दल त्यांनी लिहिलं होतं की वैदर्भीय जनतेचा भ्रमनिरास झाला. प्रकरणाच्या मथळ्यातही तोच शब्द, २४ पॉइंटच्या मोठ्या अक्षरांत.

प्रूफ वाचताना मी त्या शब्दाशी अडलो. स्पेलिंग बरोबर होतं. माझी अडचण अर्थाची होती. नागपूर मध्य प्रांताची राजधानी, १९५० नंतर मध्य प्रदेशचीही राजधानी. १९५५ च्या सप्टेंबरात राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाचा अहवाल आला आणि त्यात आठ जिल्ह्यांचं वेगळं विदर्भ राज्य करावं अशी स्पष्ट शिफारस होती. पुढच्या वर्षी १ नोव्हेंबरला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि राजधानी गेली. सचिवालयातल्या कारकुनांनी सामान बांधलं, कुणी भोपाळला, कुणी मुंबईला. माझे वडीलही त्याच सचिवालयात होते. हे सगळं बरोबर झालं की चूक, यावर आमच्या घरातच दोन मतं होती आणि आजही आहेत. ते इथे काढत नाही. पण ज्यांनी विदर्भ राज्याची आशा धरली त्यांना भ्रम झाला होता असं कसं म्हणायचं? सरकारनंच नेमलेल्या आयोगानं लिहून दिलं होतं. त्या आशेला कागदाचा आधार होता. ती मोडली, तर तो अपेक्षाभंग. ‘भ्रमनिरास’ लिहिलं की दोष आशा करणाऱ्याकडे जातो: तुम्हीच चुकीचं समजून बसला होतात.

मला या एका शब्दाबद्दल सांगायचं ते हेच.

मुद्रितशोधकानं लेखकाचा शब्द बदलायचा नसतो, विचारायचा असतो. मी शब्दाखाली रेघ ओढली, पानाच्या कडेच्या समासात प्रश्नचिन्ह काढलं आणि प्राध्यापक आले की विचारू म्हणून प्रूफ खिळ्याला अडकवलं. दुसऱ्या दिवशी चुलतभावाच्या लग्नाला वर्ध्याला गेलो. परत आलो तर फर्मा छापून, घड्या घालून तयार. मालकांनी रात्री प्रूफ पाहिलं, माझं प्रश्नचिन्ह पाहिलं, ‘स’ चुकला असं ठरवलं आणि कंपोझिटरकडून दोन्ही जागी चिमट्यानं ‘स’ उपटून ‘श’ बसवून घेतला. मथळ्यात २४ पॉइंटचं ‘भ्रमनिराश’.

प्राध्यापक आले ते पुस्तिका हातात घेऊन उभेच राहिले. त्यांच्यासमोर मालक मला म्हणाले, “प्रश्नचिन्ह कोनाचं आहे जी? तुमचंच ना? मंग?” मी निरास आणि निराश यांतला फरक सांगायला लागलो, तर म्हणाले, “लोकं निराश झाले, तं निराशच लिहा लागते ना बापा. लोकायले समजन असं छापा लागते.” त्यावर मी गप्प बसलो. प्राध्यापकांनी प्रती नेल्या. त्यांची नजर मात्र माझ्यावर होती.

खरं दुखणं त्यानंतरचं आहे. आमचे मुख्य मुद्रितशोधक त्या दिवाळीत निवृत्त होणार होते. त्यांची जागा माझी, हे मालकांनी मला दोनदा सांगितलं होतं. एकदा कचेरीत आणि एकदा माझ्या घरी, आईसमोर, तिनं केलेला चहा पीत. आईनं ते शेजारीपाजारी सांगितलं होतं. दिवाळीनंतर त्या खुर्चीवर मालकांचा भाचा बसला, ज्याला उलट्या खिळ्यांवरून एक ओळ वाचता येत नव्हती. मी मालकांकडे गेलो. त्यांनी चष्मा काढला आणि अगदी मायेनं म्हणाले, “तुमचा भ्रमनिरास झाला असन, मले समजते.”

‘निरास’ म्हणाले. या वेळी बरोबर म्हणाले.

मी काही बोललो नाही. घरी आई होती, पगार हवा होता. जे तेव्हा बोललो नाही ते इथे लिहितो: भ्रम कशाचा जी? तुमी शब्द देल्ला होता. माझ्या मायसमोर देल्ला होता. शब्द देणाऱ्यानं शब्द मोडला, तर समोरच्याला भ्रम झाला होता म्हणायचा हक्क त्याला नाही. त्याला ‘अपेक्षाभंग’ही म्हणवत नसेल, तर ‘मी शब्द पाळला नाही’ म्हणावं. त्याला सरळ मराठी आहे.

म्हणून तुम्हाला सांगतो, ‘भ्रमनिरास’ हा शब्द स्वतःपुरता ठेवा. ‘त्या पुढाऱ्याबद्दल माझा भ्रमनिरास झाला’, ‘इंजिनिअर झालो की लगेच नोकरी मिळते असं वाटायचं, पहिल्याच वर्षी भ्रमनिरास झाला’, अशी वाक्यं चोख आहेत. बोलणारा कबूल करतो की माझंच समजणं चुकलं होतं. दुसऱ्याला मात्र तो चिकटवू नये. तुमच्या बहिणीनं अभ्यास केला, तीन गुण कमी पडले. तिला पास होण्याचा भ्रम होता का? तिची अपेक्षा रास्त होती. तुम्ही सहानुभूती म्हणून पाठवाल आणि ती वाचेल, ‘तुझी लायकी नव्हती, बरं झालं कळलं.’ ती तसं म्हणणारही नाही, माझ्यासारखी गप्प बसेल. ३० वर्षांनंतरही तिला ते वाक्य आठवेल.

बाकीचे शब्द थोडक्यात. हिरमोड छोट्या गोष्टीचा आणि बहुधा उत्साहाचा होतो. तान्ह्या पोळ्याला पोरगं लाकडी नंदी सजवून दारात उभं आणि नेमका पाऊस कोसळला, की हिरमोड. जामठ्याला मॅच पाहायला गेलात आणि ओल्या मैदानामुळे खेळच झाला नाही, तरी हिरमोडच. विरस चार जणांचा होतो, रंगलेली बैठक कुणी मोडली की. निराशा लांबते, घरात मुक्कामाला येते. अपेक्षाभंगाला अपेक्षा हवी आणि ती धरायला काही कारण हवं. भ्रमनिरासाला आधी भ्रम हवा. भ्रम नसेल तर तो शब्द वापरता येत नाही, कितीही भारदस्त वाटला तरी. हल्ली बातमीत पेट्रोल दोन रुपयांनी स्वस्त झालं नाही तरी ‘ग्राहकांचा भ्रमनिरास’ छापतात. तिथे साधं ‘निराशा’ पुरतं.

खरं तर बोलण्यात या शब्दांची गरज फार कमी पडते. माझ्या वडिलांनी सचिवालयातले सोबती एकेक करून भोपाळला जाताना पाहिले. त्यांच्यासोबत १२ वर्षं डबा खाल्ला होता. त्या दिवसांबद्दल विचारलं की म्हणायचे, “मन खट्टू झालं होतं.” त्याहून मोठा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

आता दोन गोष्टी मालकांच्या आणि ‘श’वाल्यांच्या बाजूनं सांगायला हव्यात. हिंदीत ‘निराश’चं बोलीतलं रूप ‘निरास’ असं होतं आणि नागपुरात आपण दिवसभर हिंदी ऐकतो. तेव्हा इथल्या माणसाला निरास ऐकून निराशच आठवलं, तर तो अडाणी ठरत नाही. हिंदीत याच अर्थी ‘मोहभंग’ म्हणतात, म्हणून तिथे हा घोळ होत नाही. दुसरं, शब्दांचा अर्थ वापरानं सरकतो. बहुतेक लोक आज भ्रमनिरास म्हणताना फक्त मोठी निराशा एवढंच मनात धरतात, आणि कदाचित तुमची बहीणही तेवढंच धरेल. मी म्हणतो तेवढं तिला टोचणार नाही, हे शक्य आहे. मालक आता हयात नाहीत. त्यांनी कुणाचा पगार कधी एक दिवसही थकवला नाही, हेही खरं आहे. भाचा पुढे काम शिकला. चांगला शिकला.

तरीही तो मेसेज पाठवू नका. लिहायचंच असेल तर ‘तीन गुणांनी हुकलं, फार वाईट वाटलं, तू अभ्यास केला होतास’ एवढं लिहा. शेवटचे चार शब्द गाळू नका. त्यापेक्षा फोन करा. मेसेज आधीच गेला असेल, तर फोनही नको. उद्या सकाळी तिच्या घरी जा आणि हा शब्द चुकून गेला, असं तिला समोर बसून सांगा.