‘राजी’ हा व्हिडिओ गेम काढणाऱ्या पुण्यातल्या स्टुडिओची गोष्ट काय? बेळगावातून असं काही जमेल का?

नॉडिंग हेड्स गेम्स. तिघांनी २०१७ मध्ये पुण्यात काढला. त्याच वर्षी किकस्टार्टरवर लोकांकडं पैसे मागितले, ठरलेली रक्कम काही जमली नाही. बहुतेकांनी इथंच गाशा गुंडाळला असता. पुढं सुपर डॉट कॉम हा प्रकाशक मिळाला. ऑगस्ट २०२० मध्ये ‘राजी’ आधी निन्टेंडोच्या स्विच या गेमयंत्रावर, मग ऑक्टोबरात पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवर आला. द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकनही मिळालं.

मला त्यातली छायाबाहुल्यांची दृश्यं जाम आवडली. (आंबोली घाट उतरून पिंगुळीला जा, चामड्याच्या बाहुल्या तिथं अजून नाचवतात.)

बेळगावातून? गेम बनवायचं सॉफ्टवेअर, अनरियल इंजिन, शिकायला फुकट आहे. पण दोन-तीन वर्षं पगाराविना घर कसं चालवणार, ते आधी ठरवा.