वाचक विचारतात : जुनी नॉर्मल लेन्स, नवा छोटा कॅमेरा

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची निघाली, म्हणून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या पेंटॅक्स स्पॉटमॅटिक कॅमेऱ्यावर ५५ मिमी, एफ १.८ ची सुपर टाकुमार लेन्स होती. कॅमेरा आता चालत नाही, पण लेन्स चांगली आहे. मुलाने अडॅप्टर आणून ती आपल्या छोट्या मिररलेस (बिनआरशाच्या) कॅमेऱ्याला बसवून दिली. गणपतीत घरच्या मखराचा फोटो घ्यायला गेलो, तर दाराबाहेर जाऊन गॅलरीच्या कठड्याला पाठ टेकली तरी मखर चौकटीत मावेना. वडील तर याच लेन्सने याच खोलीत आम्हा सर्वांचे फोटो काढत असत. मग बदलले काय?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : लेन्स तीच आहे आणि खोलीही तेवढीच आहे, लेन्सच्या मागची चौकट मात्र लहान झाली आहे. वडिलांच्या कॅमेऱ्यात फिल्मची चौकट ३६ × २४ मिमी होती आणि तिचा कर्ण सुमारे ४३ मिमी भरतो. लेन्सचे केंद्रांतर (तिच्यावर लिहिलेला मिमीचा आकडा) या कर्णाच्या आसपास असले म्हणजे तिला नॉर्मल किंवा स्टँडर्ड लेन्स म्हणण्याची पद्धत आहे. आपण वर्णन केलेल्या बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांत एपीएस-सी नावाच्या लहान आकाराचा सेन्सर असतो व त्याचा कर्ण जेमतेम २८ मिमी असतो. लेन्स पूर्वीइतकेच मोठे वर्तुळ मागे टाकते, परंतु सेन्सर त्यातला मधला तुकडा तेवढा उचलतो. फिल्मवर सुमारे ४३ अंशांचा कोन टिपणारी आपली लेन्स येथे २९ अंशांवर येते, म्हणजे फिल्मच्या हिशेबात ती ८२ मिमीची लेन्स झाल्यासारखी वागते. त्याहून लहान सेन्सरचा, मायक्रो फोर थर्ड्स जातीचा कॅमेरा असेल तर हाच आकडा ११० होतो. चाळीतल्या खोलीत एवढ्या कोनात मखर मावणार नाही, हे उघड आहे.

कर्ण ४३ चा असताना लेन्स ५० किंवा ५५ ची का, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. पन्नासचा आकडा लायकामुळे रूढ झाला. ऑस्कर बारनाक यांनी घडवलेला आणि १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत विक्रीसाठी आलेला तो छोटा कॅमेरा माक्स बेरेक यांनी रचलेल्या ५० मिमीच्या लेन्ससह आला, आणि पुढे इतरांनीही तोच आकडा उचलला. आरशाचे एसएलआर कॅमेरे आल्यावर नवी अडचण उभी राहिली. लेन्सचे मागचे भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा वर-खाली होण्यापुरती जागा सोडणे भाग होते, आणि तेवढी जागा सोडून ५० मिमीची, शिवाय भरपूर प्रकाश घेणारी लेन्स बनवणे त्या काळी अवघड होते. म्हणून ५५ आणि ५८ मिमीच्या लेन्स सर्रास दिसत. त्याचा एक सुखद परिणाम असा झाला की स्पॉटमॅटिकसारख्या कॅमेऱ्याच्या डोळा लावायच्या खिडकीतून ५५ मिमीच्या लेन्समधून दिसणारी वस्तू जवळजवळ प्रत्यक्षाएवढीच मोठी दिसे, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून फोटो काढता येई. ‘ही लेन्स माणसाच्या डोळ्यासारखे बघते’ हे वाक्य आपण दुकानात ऐकले असेल. माझ्या मते त्याचे मूळ कोनापेक्षा या खिडकीत अधिक आहे. छोट्या कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यावर हा अनुभव मिळत नाही, आणि लेन्समधल्या एवढ्या एका गोष्टीला आपण खरोखरच मुकता.

यावर फोकल रिड्यूसर नावाचा भिंगे असलेला अडॅप्टर मिळतो. ०.७१ पटीचा रिड्यूसर लावल्यास आपली लेन्स ३९ मिमीची होते, एपीएस-सी सेन्सरवर पुष्कळशी पूर्वीसारखी वागते आणि वर सुमारे एक स्टॉप अधिक, म्हणजे दुप्पट प्रकाशही देते. स्वस्तातले रिड्यूसर चौकटीच्या कडा विरघळवून टाकतात, म्हणून मी स्वतः त्या वाटेला जाणार नाही. मखर टिपायला कॅमेऱ्याबरोबर आलेली झूम लेन्स वापरावी. आरतीच्या वेळी मात्र वडिलांची लेन्स लावून मखराशेजारी, तबक हातात घेतलेल्या माणसाच्या समोर बसावे. निरांजनाच्या उजेडात दीड मीटरवरचा चेहरा हे ८२ मिमीचे खरे काम आहे, आणि त्यासाठी खोली लहान असण्याने काहीच बिघडत नाही.

प्रश्न : जुनी लेन्स लावली की कॅमेरा ‘लेन्स नाही’ असे सांगतो आणि शटर दाबले जात नाही. अडॅप्टर खराब आहे का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : अडॅप्टर ठीक असावा. जुन्या लेन्समध्ये विजेचा संपर्क नसतो, त्यामुळे कॅमेऱ्याला ती दिसतच नाही. मेनूमध्ये लेन्सविना शटर सुटू देण्याचा पर्याय असतो, तो चालू करावा. कॅमेऱ्यात थरथर सावरणारी यंत्रणा असेल तर तिला लेन्सचे मूळ केंद्रांतर सांगावे. ५५ ची लेन्स असेल तर ५५ च, त्याला दीडने गुणू नये. एक्स्पोजर अॅपर्चर-प्रायॉरिटीवर ठेवल्यास, म्हणजे प्रकाश येण्याचे भोक (अॅपर्चर) आपण ठरवल्यास, शटरचा वेग कॅमेरा स्वतः ठरवतो. लेन्सवर ‘ऑटो’ व ‘मॅन्युअल’ अशी कळ असल्यास ती ‘मॅन्युअल’कडे सरकवावी, नाहीतर अॅपर्चरची कडी कितीही फिरवली तरी आतल्या पात्या उघड्याच राहण्याची शक्यता असते.

साधा अडॅप्टर म्हणजे निव्वळ पोकळ नळी आहे. टाकुमारसारख्या लेन्सच्या, आट्यांनी बसणाऱ्या ४२ मिमी माउंटला लेन्सची बैठक आणि फिल्म यांत ४५.४६ मिमी अंतर लागते, सोनीच्या ई माउंटमध्ये ते १८ मिमी आहे, उरलेले २७.४६ मिमी ही नळी भरून काढते. अनेक अडॅप्टर मुद्दाम केसभर आखूड बनवलेले असतात, त्यामुळे दूरचा फोकस फोकसच्या कडीवरील अनंताच्या खुणेच्या थोडा अलीकडेच मिळतो. मलबार हिलवरून समोरचा किनारा टिपताना कडी शेवटपर्यंत रेटू नये, पडद्यावर बघून फोकस करावा.

प्रश्न : माझा भाचा जुनी ५० मिमीची लेन्स छोट्या कॅमेऱ्याला लावून फिरतो आणि तिच्या ‘कॅरेक्टर’चे गुणगान करतो. मी दोन्ही फोटो संगणकावर मोठे करून पाहिले. कॅमेऱ्याबरोबर आलेली साधी झूम अधिक धारदार दिसली. हा केवळ जुन्याचा सोस म्हणावा का?
— एक वाचक, दादर

उत्तर : थोडा सोस आहेच. अॅपर्चर पूर्ण उघडे ठेवून तुलना केली असेल तर आपण पाहिले तेच खरे आहे. तीच तुलना एफ ५.६ वर पुन्हा करावी (एफचा आकडा मोठा तितके भोक लहान). बहुधा भाच्याची लेन्स मागे पडणार नाही, कारण या लेन्सचा दुबळा भाग चौकटीच्या कोपऱ्यांत असतो आणि छोटा सेन्सर ते कोपरे कापूनच टाकतो. पण नुसत्या धारेसाठी कोणी जुनी लेन्स वापरू नये. ती काय निराळे करते, हे समजण्यासाठी तिची घडण थोडी पाहावी लागेल.

त्या काळच्या बहुतेक वेगवान, म्हणजे भरपूर प्रकाश घेणाऱ्या, नॉर्मल लेन्स डबल गाउस नावाच्या एकाच घराण्यातल्या आहेत : मध्ये अॅपर्चरच्या पात्या आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना एकमेकींची प्रतिबिंबे असल्यासारखी भिंगांची मांडणी. झाइस कंपनीच्या पाउल रुडोल्फ यांनी १८९६ साली सहा भिंगांची प्लानार याच मांडणीवर रचली. मांडणी उत्तम होती, पण तिच्यात हवेला लागलेले काचेचे आठ पृष्ठभाग होते. प्रत्येक पृष्ठभागावरून चार-पाच टक्के प्रकाश परावर्तित होई. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश प्रकाश वाटेतच गळे, आणि त्यातला काही आतल्या आत उसळून चित्रावर दुधी पडदा धरी. १९३५ मध्ये झाइसच्याच अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर पातळ लेप चढवण्याची रीत काढली आणि दर पृष्ठभागावरचा हा तोटा एक-दीड टक्क्यापर्यंत खाली आला. मगच हे घराणे खऱ्या अर्थाने नांदू लागले. भाच्याच्या लेन्सवर समोरून दिसणारी जांभळट किंवा पिवळसर झाक त्याच लेपाची आहे.

आता एक प्रयोग करून पाहावा. संध्याकाळी खोलीतले दिवे मालवून समई लावावी. तिच्यापासून मीटरभर अलीकडे काचेचा एखादा पेला ठेवून त्याच्या काठावर फोकस करावा आणि अॅपर्चर पूर्ण उघडावे. काठाची रेघ स्पष्ट दिसेल, पण तिच्याभोवती अगदी मंद, तुपकट म्हणावी अशी प्रभा असेल. भिंगाच्या कडेकडून येणारे किरण मधल्या किरणांशी नेमके जुळत नाहीत, त्याचा हा परिणाम आहे. मागच्या ज्योतींची मोठी, मऊ वर्तुळे झालेली दिसतील, आणि चौकटीच्या कडेला ती वर्तुळे भोपळ्याच्या बियांसारखी निमुळती होतील. मग कडी एफ ४ वर आणावी. प्रभा मावळते, पेल्यावरचे बोटांचे ठसेही दिसू लागतात, आणि पात्या सहा असतील तर ज्योतींचे षट्कोन होतात. या दोन टोकांच्या मधले, म्हणजे एफ २.८ च्या आसपासचे चित्र मला सर्वांत प्रिय आहे : डोळ्याची पापणी धारदार येते आणि गालाची त्वचा निर्दयपणे मोजली जात नाही. आधुनिक झूममध्ये हे दोष जवळजवळ काढून टाकलेले असतात, आणि तिचे अॅपर्चर बहुधा एफ ३.५ पेक्षा अधिक उघडतही नाही. म्हणजे भाचा ज्याला कॅरेक्टर म्हणतो ते दोषच आहेत. फरक इतकाच की त्यांची मात्रा ठरवण्याची कडी त्याच्या हातात आहे. जुनी लेन्स सावल्यांत अधिक तपशील देते, असे तो म्हणू लागला तर मात्र विश्वास ठेवू नये. आत उसळलेला प्रकाश सावल्या उजळवतो, त्यांत नवे काही आणत नाही.

दुसरी गोष्ट फोकसची. एपीएस-सी सेन्सर, ५५ मिमी, एफ १.८ आणि मीटरभर अंतर एवढे जमले की फोकसमध्ये राहणाऱ्या भागाची जाडी सुमारे अडीच सेंटिमीटर असते. नाकाचा शेंडा धरला तर डोळे सुटतात. पडद्यावरच्या रंगीत कडा दाखवणाऱ्या सोयीवर अशा वेळी पूर्ण विसंबू नये. चित्र मोठे करून फोकस करावा आणि शेवटची सुधारणा कडीने न करता स्वतः किंचित पुढे-मागे झुकून करावी. आपण दादरलाच राहता, तेव्हा एखाद्या पहाटे भाच्याबरोबर फुलबाजारात जाऊन पाहावे. झेंडूच्या राशीमागे बसलेला विक्रेता एका हाताने तराजू धरतो, दुसऱ्याने पिशवी उघडतो, आणि डोक्यावर एकच उघडा दिवा असतो. तेथे झूम घेऊन उभा असलेला माणूस जागेवरूनच जवळ-लांब करत राहतो. एकाच केंद्रांतराची लेन्स घेतलेल्याला दोन पावले पुढे जावे लागते, पाट्यांच्या वाटेतून सरकावे लागते, आणि तोवर विक्रेत्याने त्याला पाहून ‘काय दादा, किती देऊ’ असे विचारलेलेही असते. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यातले बहुतेक काम ५० मिमीवर केले, यामागे ही शिस्तही असावी असे मला वाटते.

प्रश्न : आजोबांच्या टाकुमारची काच चहासारखी पिवळी दिसते आणि आत कोळिष्टकासारखे धागेही आहेत. लेन्स टाकून द्यावी का?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : टाकून देऊ नये, पण हे दोन वेगळे आजार आहेत. पिवळेपणा बहुधा थोरियम या किरणोत्सर्गी धातूमुळे आला आहे. त्या काळी काचेची प्रकाश वळवण्याची शक्ती वाढवण्यासाठी काही भिंगांत थोरियम मिसळत. ५० मिमी एफ १.४ आणि ५५ मिमी एफ १.८ या टाकुमार लेन्सच्या अनेक आवृत्त्यांत ते आहे. त्याचा किरणोत्सर्ग सौम्य आहे, कॅमेऱ्यावर लावून फोटो काढण्यात चिंतेचे कारण नाही. लेन्स उशाशी घेऊन झोपू नये किंवा डोळ्याला लावून भिंग म्हणून वापरू नये, इतकेच. वर्षानुवर्षांच्या किरणोत्साराने काच पिवळी पडते आणि अतिनील प्रकाशाने पुन्हा पुष्कळ निवळते. ऑक्टोबरच्या उन्हात खिडकीत काही दिवस ठेवून पाहावे. खाली अॅल्युमिनियमची फॉइल असावी आणि आसपास पडदा किंवा कागद नसावा, कारण भिंगाने एकवटलेले ऊन आग लावू शकते.

धागे मात्र फंगसचे आहेत, आणि मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या लेन्सला ते होणे नवलाचे नाही. अॅपर्चर पूर्ण उघडून मागून बॅटरीचा झोत टाकावा व तिरके पाहावे. कडेला दोन-चार धागे असतील तर चित्रात फरक दिसणार नाही. जाळे मध्यावर असेल तर जाणकार दुरुस्ती करणाऱ्याकडून लेन्स उघडून घ्यावी, स्वतः पेचकस लावू नये. बुरशीने लेप खाल्ला असेल तर साफ केल्यावरही काचेवर तिचा नकाशा उरतो. फोर्टात किंवा चोरबाजारात जुनी लेन्स विकत घेतानाही खिशात छोटी बॅटरी असावी आणि विक्रेत्यासमोरच हे पाहावे. पात्यांवर तेलाचा ओशट डाग आहे का, तेही त्याच वेळी कळते.

साफ झालेली लेन्स आजोबांच्या चामडी पाकिटात परत ठेवू नये, चामडे ओल धरते. स्वयंपाकघरातला रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक स्वस्त आर्द्रतामापक एवढे पुरते. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावा. निळ्या जातीचे खडे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परतून घ्यावेत, आणि ती कढई पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये.