आजारपणाच्या रजांचे रजिस्टर वाचताना

प्रिय,

अनेक आशीर्वाद. कामगार कल्याण अधिकारी म्हणून रुजू होताच आजारपणाच्या रजा कमी करण्याचे काम तुझ्याकडे आले आणि सर्वाधिक रजा घेणाऱ्यांची यादी तू करायला घेतलीस, हे पत्रातून कळले. ती यादी तूर्त बाजूला ठेव आणि तेच रजिस्टर विभाग, पाळी आणि सुपरवायझर यांनुसार लावून पाहा.

ब्रिटनमधील सरकारी नोकरांवर 1985 मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या व्हाइटहॉल अभ्यासात सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांच्या आजारपणाच्या रजांचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे सहापट आढळले. धूम्रपानासारख्या सवयींचा त्यात वाटा होताच. पण आपले काम कसे करायचे हे ठरवण्याची मुभा ज्यांना कमी, त्यांच्या रजा अधिक, हेही त्यातून दिसले. पुढे याच अभ्यासातील, प्रकृती बरी नसूनही तीन वर्षांत एकही आजारी रजा न घेतलेल्या पुरुषांमध्ये गंभीर हृदयविकाराचे प्रमाण, तशाच प्रकृतीच्या पण माफक रजा घेणाऱ्यांच्या दुप्पट निघाले. तेव्हा कोरे रकाने पाहून निर्धास्त होऊ नकोस.

आपल्याकडे ते कोरे राहण्याचे कारण बहुधा पैशाचे असते. राज्य कामगार विमा योजनेत आजारपणात सरासरी वेतनाच्या 70 टक्के लाभ वर्षाला 91 दिवसांपर्यंत मिळतो, मात्र सर्वसाधारणपणे पहिले दोन दिवस त्यातून वगळले जातात. त्यामुळे ज्याला पगारी रजाच नाही असा कंत्राटी कामगार दोन दिवसांचा ताप अंगावरच काढतो. बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची 2019 मध्ये चर्चा झाली, तेव्हा मासिक पाळीत पडणाऱ्या खाड्यापोटी मुकादमाने कापायच्या पैशांचे भय हे त्यामागील एक कारण म्हणून पुढे आले होते. तुझा कारखाना तसा नसेलही. तरी कंत्राटदाराचे हजेरीपत्रक मागवून घे.

स्त्रियांच्या एकेका दिवसाच्या रजांपैकी काही मुलाच्या तापाच्या किंवा सासूबाईंच्या तपासणीच्या असतात आणि दुसरे कारण चालत नाही म्हणून स्वतःच्या नावावर लावल्या जातात. त्यांना खोटे ठरवण्यापूर्वी पाळी आपसांत बदलण्याची सोय आहे का, ते विचार.

व्यवस्थापन हजेरी भत्त्याचा प्रस्ताव आणेलच, कारण तो सर्वांत सोपा असतो. त्याला होकार देण्यापूर्वी, ज्या सुपरवायझरकडे रजा एकवटलेल्या दिसतील त्याच्या विभागात रात्रपाळी धरून आठवडाभर बसून ये.

तुझा शुभचिंतक