जुन्याच पॉइंटवर बसेल म्हणाले? आधी वायर बघा

"दुकानदार म्हणतो साडेचार किलोवॉटचा इन्स्टंट गीझर घ्या, जुन्याच पॉइंटवर बसेल." ताई, तुमच्या प्रश्नातलं हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. घोडबंदर रोडचा फ्लॅट, २५ लिटरचा गीझर गळायला लागलाय, घरात चौघं, सकाळी पाठोपाठ आंघोळी, तर स्टोरेज (टाकीत पाणी तापवून साठवणारा) काढून इन्स्टंट (नळ सोडला की लगेच तापवणारा) लावावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: लावा, पण ३ किलोवॉटचा, आणि तोही वायर तपासून घेतल्यावरच. मी इलेक्ट्रिशियन नाही. जे भोगलं आणि त्यातून समजलं तेवढंच सांगतो.

आमच्या नेरूळच्या जुन्या घरी याच आश्वासनावर ४.५ किलोवॉटचा गीझर बसला. ४५०० वॉट भागिले २३० व्होल्ट म्हणजे साडेएकोणीस अँपिअर. पॉइंट १६ अँपिअरचा, आतली वायर दीड एमएमची, आणि डीबीत (घरातल्या स्विचच्या मुख्य पेटीत) त्या लाइनला ३२ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच. म्हणजे वायर भाजून निघाली तरी एमसीबी पडणार नाही. बसवायला आलेल्याने सॉकेट उघडून पाहिलं नाही, डीबीचं झाकणही उघडलं नाही. भिंतीला दोन भोकं, पाइप जोडला, सही घेतली, गेला. थंडी सुरू झाली, गीझर जास्त वेळ चालायला लागला आणि एका सकाळी प्लग सॉकेटमध्येच वितळून चिकटला. नशीब की तेव्हा कोणी आत नव्हतं.

त्यानंतरचा त्रास आगीपेक्षा कमी नव्हता. सर्व्हिस सेंटर म्हणे, गीझर ठणठणीत आहे, पॉइंट आमच्याकडे येत नाही. दुकान म्हणे, माणूस कंपनीचा होता. तक्रार नोंदवली की कोणी न येताच "तक्रारीचे निराकरण झाले" असा मेसेज यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचं. भिंतीतल्या पाइपात वायरचं आवरण वितळून चिकटलेलं, ती ओढून निघेना. टाइल्स फोडून डीबीपासून नवी लाइन टाकावी लागली आणि तो खर्च गीझरच्या किमतीपेक्षा जास्त झाला. त्यातला एक रुपयाही कोणी दिला नाही. याचा राग मला अजून आहे, कारण बसवण्याआधी पाच मिनिटं बघितलं असतं तर हे टळलं असतं.

म्हणून ४.५ किलोवॉट घ्यायचाच असेल तर डीबीपासून स्वतंत्र ४ एमएमची तांब्याची वायर, २५ अँपिअरचा एमसीबी आणि प्लगऐवजी डीपी स्विच (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा). ३ किलोवॉटला १३ अँपिअर लागतात, त्याला चांगली २.५ एमएमची लाइन आणि १६चा पॉइंट चालतो. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) दोन्हीकडे हवाच. यावर मी ऐकून घेणार नाही.

आता गरम पाणी किती मिळतं ते. नळाचं पाणी २२ अंश धरा आणि आंघोळीला ४० हवं. ३ किलोवॉटचा मिनिटाला साधारण २.४ लिटर देईल, ४.५चा ३.६. म्हणजे २० लिटरची बादली भरायला एकाला आठ-साडेआठ मिनिटं, दुसऱ्याला साडेपाच. बादलीने आंघोळ करणाऱ्या घरात हे सहज निभतं, कारण एकाची होईतो पुढची भरते. शॉवरखाली उभं राहणाऱ्यांची मात्र निराशा होते. तुमच्याकडे शॉवरवालेच जास्त असतील तर सरळ १५ किंवा २५ लिटरचा स्टोरेजच पुन्हा घ्या.

"निम्मं बिल वाचेल" यावर विश्वास ठेवू नका. तेवढंच पाणी तेवढंच तापवायचं तर वीज तेवढीच लागते, त्या बादलीला ०.४ युनिटच्या आसपास. वाचतो तो फक्त टाकीत साठलेलं पाणी निवताना वाया जाणारा भाग. स्टोरेज गीझरवरचे स्टार त्याच हिशेबाने दिलेले असतात. आंघोळीआधी चालू आणि नंतर बंद अशी सवय असेल तर फरक थोडाच.

तुमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो का, हे नक्की बघा. आमच्या नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी, त्यात क्षार कमी. टँकरमध्ये बोअरचं पाणी असेल तर इन्स्टंटच्या छोट्या टाकीत कॉइलवर पांढरा थर लवकर बसतो, धार बारीक होते आणि कटआउट (जास्त तापलं की वीज तोडणारा भाग) पडत राहतो. वॉरंटी कार्डावर क्षारांबद्दल काय लिहिलंय ते घेण्याआधी वाचा.

कोणी गॅस गीझर सुचवेल. पाणी तो भरपूर देतो, पण बंद बाथरूममध्ये कधीही नको. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, माणूस आतल्या आत बेशुद्ध पडतो. बाथरूमबाहेर हवेशीर ड्राय बाल्कनीत जागा असेल तरच विचार करा. पाइप्ड गॅस असेल तर त्याच गॅससाठी बनवलेलं मॉडेल लागतं, सिलिंडरचं त्यावर चालत नाही, आणि जोडणी गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच.

आणखी एक, इमारतीच्या गच्चीवर पाणी तापवणारे सोलर पॅनेल आहेत का? ठाण्यात बऱ्याच टॉवरवर ते नुसतेच पडून असतात. दुरुस्ती झाली तर तुमचा प्रश्न अर्धा सुटेल. सोसायटीच्या सभेत विषय जरूर काढा.

दुकानात पैसे भरण्याआधी बिलावरच लिहून घ्या: किती वॉटचा, कोणत्या वायरवर बसवणार, कोण बसवणार. लिहून देत नसतील तर दुसरं दुकान बघा.